येणेबाकी

मनुष्याच्या सुखदुःखांविषयी विचार करण्याची बुद्धी मला कोणत्याही ग्रंथाने दिली नाही. ती आमच्या आळीतील, एकाच भिंतीने विभागलेल्या दोन घरांनी दिली, हे आरंभीच नमूद करणे मला अगत्याचे वाटते. त्या घरांत दोन सख्खे भाऊ राहत. वडिलांच्या पश्चात पंचांसमक्ष त्यांची वाटणी झाली होती. जमीन, तांब्यापितळेची भांडी, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, इतकेच काय, देव्हाऱ्यातील टाकसुद्धा समसमान विभागले गेले. परंतु परसातील एक जुना रायवळ आंबा, ज्याच्या सावलीत दोघेही लहानपणी सारखेच खेळले होते, तो हद्द आखताना धाकट्याच्या बाजूस गेला. थोरल्याने दावा लावला. खालच्या कोर्टात तो हरला, जिल्ह्याच्या कोर्टात अपील जिंकला, आणि या दोन निकालांच्या दरम्यान नऊ वर्षे गेली.

हुकुमाचा कागद हाती घेऊन थोरले काका आळीत शिरले तो दिवस मला स्पष्ट आठवतो. पेढे वाटले गेले. पण त्यांच्या चर्येवर समाधान म्हणून दिसेना, आणि संध्याकाळी माझ्या वडिलांपाशी बसून ते जे बोलू लागले, त्यात झाड मिळाल्याचा उल्लेख जवळजवळ नव्हताच. गेल्या नऊ वर्षांचे आंबे आता कोण भरून देणार, एवढाच एक विषय होता. धाकट्या काकांनी मात्र दुसऱ्याच दिवशी मधल्या कुंपणास एक फट पाडून दिली, कारण आंबा उतरवण्याची शिडी त्यांच्याच अंगणातून लावावी लागे. आणि ती फट पाडून झाल्यावर ते नेहमीप्रमाणे ओटीवर सुंभ वळीत बसले. दोघांचे आईबाप एक, अन्न एक, पंतोजी एक, मिळकत जवळजवळ एक. असे असता एकाच्या घरी गेले की मन हलके का व्हावे आणि दुसऱ्याच्या घरून येताना छातीवर काही ठेवल्यासारखे का वाटावे, हा प्रश्न त्या वयात मला पडला आणि तो आजतागायत सुटलेला नाही. प्रस्तुत पुस्तक हा त्या प्रश्नाशी केलेल्या दीर्घ सहवासाचा परिपाक होय.

सुखाचे मोजमाप करण्याचा खटाटोप आपल्याकडे फार जुना आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत आनंदाची जी मीमांसा आली आहे, तिच्यात ऋषीने प्रथम एक माप ठरविले आहे: सुशील, अध्ययनसंपन्न, दृढ आणि बलवान असा एक तरुण, ज्याच्या स्वाधीन द्रव्याने भरलेली सारी पृथ्वी आहे, त्याचा आनंद म्हणजे मनुष्याच्या आनंदाचे एक परिमाण. तेथून मनुष्यगंधर्व, देवगंधर्व, पितर, देवांच्या निरनिराळ्या श्रेणी, इंद्र, बृहस्पती, प्रजापती असे करीत शंभरपटींच्या दहा पायऱ्यांनी तो ब्रह्मानंदापर्यंत पोहोचतो. ही चढती भाजणी वाचून प्रथमदर्शनी वाटते की, ऋषीचा रोख अधिकाराबरोबर वाढत जाणाऱ्या सुखावर आहे. परंतु मनुष्यकोटीच्या वरच्या प्रत्येक पायरीवर तो एक पुस्ती जोडतो, आणि माझ्या मते सगळ्या मीमांसेचे मर्म त्या पुस्तीत आहे: कामनेने ज्याला घायाळ केलेले नाही अशा श्रोत्रियालाही नेमका तेवढाच आनंद आहे. म्हणजे जे सुख एकाला इंद्रपद मिळाल्यावर लाभते, ते दुसऱ्याला आपल्या झोपडीच्या दारात लाभू शकते. आणि या दोघांमधील अंतर कशाने भरून निघाले याचा शोध घ्यावा, असा जणू त्या मंत्रद्रष्ट्याचा आपणास आदेश आहे.

आधुनिकांनी हाच शोध निराळ्या साधनांनी घेतला. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी बक्षिसे मिळालेले २२ जण, अपघातात शरीराचा भाग कायमचा लुळा पडलेले २९ जण आणि त्यांच्याशी ताडून पाहण्यासाठी घेतलेले २२ सामान्य लोक यांच्या जबान्या घेतल्या. लॉटरीवाले सामान्यांपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक सुखी आढळले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद ऐकणे अशा नित्याच्या गोष्टींतून मिळणारा त्यांचा आनंद कमी झालेला दिसला. हा दाखला पुढे इतक्या तोंडांतून गेला की, पक्षाघाताचे रुग्ण आणि लॉटरीचे विजेते सारखेच सुखी असतात, असे बेधडक विधान सर्वत्र होऊ लागले. ते खरे नाही. अपघातग्रस्तांनी आपले सुख सामान्यांहून स्पष्टपणे कमीच सांगितले होते. आश्चर्य एवढेच की, ते लोकांच्या अटकळीइतके तळाला गेलेले नव्हते. शिवाय अवघ्या २२ माणसांवरून द्रव्याचा निकाल लावता येत नाही. स्वीडनमधील लॉटरी विजेत्यांचा फार मोठ्या संख्येवर आधारलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि मोठे बक्षीस मिळालेल्यांचे आयुष्याविषयीचे समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलेच राहते, असे त्यात दिसून आले. पैशाने सुख मिळत नाही हे वाक्य, म्हणून, ज्याच्यापाशी पुरेसा पैसा आहे त्याने दुसऱ्याला ऐकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वभावाचा प्रश्न याहून बिकट आहे. आमच्या दोन काकांपैकी धाकट्याचा पिंडच आनंदी होता, असे आळीतले लोक म्हणत आणि तेवढ्यावर विषय संपवीत. मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड लायकेन आणि ऑके टेलेगन यांनी जुळ्या भावंडांचा, त्यांतही जन्मतःच ताटातूट होऊन निरनिराळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा, अभ्यास करून १९९६ साली जे निष्कर्ष मांडले, ते या लोकमताला पुष्कळसा दुजोरा देतात: सुखाची जी एक स्थिर पातळी प्रत्येकात आढळते, तिच्यावर शिक्षण, उत्पन्न वा विवाह यांपेक्षा आनुवंशिकतेची छाप फार मोठी असते. मनुष्याची उंची जशी ठरलेली तसेच त्याचे सुखही, असा निराशेचा सूर त्या निबंधात उमटला होता. पण लायकेन यांनी स्वतःच पुढे १९९९ च्या आपल्या पुस्तकात तो परत घेतला. विद्वानाने आपले विधान जाहीरपणे मागे घ्यावे ही गोष्ट मला त्या विधानाइतकीच मोलाची वाटते. पिंड असतो, हे मान्य. परंतु काळ्या जमिनीत आणि मुरमाड जमिनीत फरक असला म्हणून काय पेरावे हा विचार शेतकरी सोडून देत नाही.

मग पेरायचे काय? या पुस्तकातील माझे जे एकमेव प्रतिपादन आहे ते येथे सांगून टाकतो. माझे आजोबा एका पेढीवर दिवाणजी होते. रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांच्या वह्यांत त्यांचा जन्म गेला, आणि त्यांच्या मांडीशी बसून मी हे शिकलो की, कोणत्याही खात्याचे खरे स्वरूप त्यातील रकमेवरून कळत नाही. ती रक्कम ‘येणे’ या सदरात लिहिली आहे की ‘देणे’ या सदरात, यावरून कळते. तीच गोष्ट आयुष्याची. काही माणसे जन्माला येताना जणू एक सनद घेऊन येतात, आणि जगाकडून आपले अमुक इतके येणे आहे अशी त्यांची खात्री असते. जे हाती येते ते त्या येण्यापोटी जमा होते. म्हणून त्याचा आनंद नाही. जे येत नाही ते बाकीत धरले जाते, आणि त्या बाकीवर व्याज चढत जाते. दुसरी काही माणसे अशी असतात की, त्यांच्या वहीत हे सदरच नसते. त्यांनाही इच्छा असतात, त्यांचेही अपेक्षाभंग होतात, त्यांच्याही डोळ्यांना पाणी येते. परंतु जे मिळाले नाही ते त्यांच्या लेखी केवळ मिळाले नाही, ते कोणी बुडविले असे होत नाही.

इच्छा आणि येणे यांतील हा भेद मी विशेष आग्रहाने मांडतो, कारण सुखाचा उपदेश करणारे बहुधा इच्छेवरच घाव घालतात. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिले, त्याचे पाचवे प्रकरण ‘सुखदुःखविवेक’ हे आहे. राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा भोगणाऱ्या, स्वदेशापासून आणि कुटुंबापासून तोडल्या गेलेल्या मनुष्याने हे प्रकरण लिहावे, हेच मुळी विचार करण्यासारखे आहे. दुःखाचा अभाव म्हणजेच सुख, हे मत त्यांनी तेथे खोडून काढले आहे. आणि असंतोष सर्वस्वी त्याज्य आहे हेही मानण्यास ते तयार नाहीत, कारण ऐश्वर्याचे आणि पुरुषार्थाचे मूळ त्यातच आहे. टाकावयाची ती फलाशा, म्हणजे कर्म केले की त्याचे अमुक फळ मलाच मिळाले पाहिजे हा आग्रह. दिवाणजींच्या भाषेत हीच येणेबाकी. हे प्रकरण मी तरुणपणी परीक्षेसाठी वाचले होते आणि त्यातून काहीही घेतले नव्हते. चाळिशीनंतर पुन्हा हाती घेतले तेव्हा थोरल्या काकांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहिली.

सिद्धान्त सोडून आता माणसांकडे वळतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे आयुष्य १०४ वर्षांचे. १८५८ साली जन्मलेला हा मुरूडचा मुलगा परीक्षेस बसण्यासाठी सोबत्यांबरोबर भर पावसात, सह्याद्री चढून, शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्यास गेला, आणि तेथे, वय सतरा पुरे असतानाही, हा लहान दिसतो एवढ्या कारणावरून त्याला परत पाठविण्यात आले. एखाद्याने ही एक गोष्ट जन्मभर उराशी बाळगली असती आणि त्याला कोणी दोष दिला नसता. कर्व्यांनी १९१५ च्या आपल्या ‘आत्मवृत्ता’त ती सांगितली आहे, पण फिर्यादीच्या सुरात सांगितलेली नाही; पुढल्या वर्षी ते दुसऱ्या गावी जाऊन परीक्षा देऊन आले. १८९३ साली त्यांनी बालविधवा गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा ज्या मुरूडवर त्यांनी जीव लावला होता त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्यांच्या आईला स्वतःच्या मुलाला घरात घेणे अशक्य करून टाकले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तो १९०० साली पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला, आणि फर्ग्युसन कॉलेजात दिवसभर गणित शिकवून झाले की हे प्राध्यापक चिखल तुडवीत, आश्रमाला लागणारे जिन्नस स्वतःच्या खांद्यावर घेऊन, तेथवर पायी जात. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. पुढे पंचाहत्तरी उलटल्यावर, १९३६ मध्ये, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि त्यासाठी दारोदार हिंडून वर्गणी गोळा केली. शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळाले. या सर्व काळात आपल्याला कोणी काय दिले नाही, याचा उच्चार त्यांच्या लिखाणात शोधूनही फारसा सापडत नाही. नुकसानीची त्यांची स्मृती शाबूत होती. तिच्यापुढे त्यांनी रक्कम मांडली नव्हती.

येथवर लिहून मी थांबलो असतो तर पुस्तक सोपे झाले असते, पण ते अप्रामाणिक झाले असते. कर्व्यांच्या पत्नी, ज्यांना सारे आनंदीबाई वा बाया म्हणत, त्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले, आणि ते वाचल्यावाचून कोणी ‘आत्मवृत्त’ वाचू नये असे मला वाटते. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली ही स्वाभिमानी स्त्री मोकळेपणाने सांगते की, पतीने जे होते ते संस्थेला द्यावे आणि घरात चणचण पडावी, याचा तिला किती जाच झाला. ज्याच्या वहीत येणे नाही तो सुखी, हे खरे. पण त्याने सोडून दिलेल्या रकमांपैकी काही दुसऱ्या कोणाच्या वहीत, बहुधा घरातील स्त्रीच्या वहीत, खर्ची पडत असतात. पतीने हक्क सोडला तो त्याच्या मर्जीने, पत्नीचा सुटला तो तिला न विचारता. सुखी पुरुषांची चरित्रे लिहिणाऱ्यांनी हे पान वरचेवर गाळलेले आहे, आणि मी ते गाळणार नाही असे हे पुस्तक सुरू करतानाच ठरविले होते. आनंदीबाईंची थोरवी अशी की, त्या या तक्रारीपाशीच बसून राहिल्या नाहीत. आपले काम आपण उभे केले, स्वतः हिंडून संस्थेसाठी निधी जमविला, आणि तक्रार होती ती तक्रार म्हणून सरळ शब्दांत लिहून ठेवली. लपविलेल्या येणेबाकीपेक्षा बोलून दाखविलेली येणेबाकी मनाला कमी पोखरते, असा माझा अनुभव आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी किती वेळा वाचली याची गणती नाही. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांचे सोवळे इतके विकोपास गेले की घरातील लहानथोरांचे जिणे त्याखाली दबून गेले. पुढे लग्न झाले ते रेव्हरंड टिळकांसारख्या प्रतिभावान पण अत्यंत बेभरवशाच्या पुरुषाशी. तो सांगितल्याशिवाय निघून जाई, हातातला पैसा वाटून टाकी, आणि १८९५ साली तर त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीच्या पायाखालची सारी भूमीच त्यामुळे सरकली. काही वर्षे त्या नातलगांच्या आधाराने, लहान मुलाला घेऊन, पतीपासून दूर राहिल्या. मग आपल्या विचाराने परतल्या आणि १९०० साली आपल्याच विचाराने बाप्तिस्मा घेतला. या मजकुरातून रडकथा सहज झाली असती. परंतु ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतील अत्यंत प्रसन्न पुस्तक आहे, आणि ही प्रसन्नता दुःख झाकून आणलेली नाही. ज्या माणसांनी त्यांना छळले त्यांच्याकडे त्या कुतूहलाने पाहतात. सासरे कसे चिडत, वडील कसे धूत बसत, पती कसा विसरे, हे सांगताना त्यांची दृष्टी त्या माणसाच्या तऱ्हेवर खिळलेली असते. आपल्याला त्यापायी काय सोसावे लागले, हे वाक्याच्या शेपटात येते वा येतही नाही. मला वाटते, येणे न मांडण्याची त्यांची रीत हीच होती. कुतूहल आणि तगादा एकाच क्षणी मनात राहू शकत नाहीत.

आता एका गैरसमजाचा बंदोबस्त करणे अवश्य आहे. समाधानाचा उपदेश हा या देशात नेहमी वरून खाली झालेला आहे. केशवपन केलेल्या बारा वर्षांच्या मुलीला, गावकुसाबाहेर राहणाऱ्याला, वेठीस धरलेल्या मजुराला, तुझे येणे मांडू नकोस असे सांगणारा पाप करतो. त्यांचे जगाकडे येणे होतेच, आणि ते वसूल व्हावयास हवे होते. कर्व्यांनी हिंगण्याला जे केले ते हेच: विधवांचे समाजाकडे असलेले येणे त्यांनी आपल्या वहीत देणे म्हणून लिहून घेतले. रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी २००१ साली कलकत्त्याच्या वस्त्यांतील व पदपथांवरील ८३ दरिद्री माणसांच्या समाधानाविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ती माणसे अपेक्षेहून अधिक समाधानी, विशेषतः आपल्या नातेसंबंधांविषयी समाधानी, आढळली. या निष्कर्षाने मला एकाच वेळी धीर आला आणि भीतीही वाटली. कारण दारिद्र्यातही माणूस हसतो याचा उपयोग दारिद्र्य तसेच ठेवण्यासाठी करणारे लोक मी पाहिले आहेत. न्यायाची मागणी चव्हाट्यावर करावी, संघटितपणे करावी, कागदोपत्री करावी. मी ज्या वहीविषयी बोलत आहे ती रात्री अंथरुणावर पडल्यावर उघडते.

आणि ती सर्वांत अधिक उघडते आपल्याच माणसांच्या नावे. हार्वर्ड येथे १९३८ पासून चालू असलेल्या एका अभ्यासात विद्यापीठातील २६८ तरुण आणि पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुले यांची आयुष्ये म्हातारपणापर्यंत न्याहाळली गेली, आणि उतारवयात कोण सुखी व निरोगी राहील याचा अंदाज कीर्ती वा संपत्ती यांपेक्षा निकटच्या नात्यांच्या ऊबेवरून अधिक चांगला बांधता येतो, असे ते अभ्यासक सांगतात. हे वाचून कोणी म्हणेल, यात नवे ते काय? नवे काही नाही. परंतु नाती ऊबदार राहण्यास काय लागते, हे त्या आकड्यांत लिहिलेले नाही. भाऊ, पत्नी, मुलगा, मित्र यांच्या नावे आपण जेवढी खाती उघडतो तेवढी परक्यांच्या नावे उघडत नाही. म्हणूनच पुस्तकाचा सुमारे अर्धा भाग मी घराच्या उंबऱ्याच्या आतच खर्च केला आहे, आणि ज्यांना त्यात तत्त्वचर्चा थोडी वाटेल त्यांची मी आधीच क्षमा मागतो.

शेवटी ऋणनिर्देश. थोरले काका जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. या पुस्तकाचे लेखन चालू असता त्यांच्या घरच्यांनी लाल कापडात बांधलेले एक दप्तर माझ्या हवाली केले. नावगाव गाळावे एवढीच त्यांची अट होती, ती मी पाळली आहे. दप्तरात दाव्याचे कागद आहेत, मोजणीचा नकाशा आहे आणि एक लांबट वही आहे. त्या वहीत नऊ वर्षांच्या प्रत्येक ज्येष्ठात, पलीकडल्या अंगणात किती पाट्या आंबा उतरला याचा अदमास, त्याचा त्या वर्षीचा बाजारभाव आणि पुढे बाकी, अशी सुवाच्य मोडीत नोंद आहे. झाड त्यांचे झाले त्या वर्षापासून पुढची पाने कोरी आहेत. स्वतःच्या अंगणात उतरलेला आंबा त्यांनी एकदाही मोजलेला नाही.